समोरच्या घराचा धूर

ड्रेस्डेनमधल्या आमच्या चिप बनवायच्या कारखान्यात आत जाताना पांढरा सूट चढवावा लागे. डोक्यावर टोपी, तोंडावर पट्टी, हातमोजे, पायांत कापडी बूट. उघडे राहत ते फक्त डोळे. धुळीचा एक कणही आत जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. त्यामुळे पुढे जो माझा सगळ्यात जवळचा मित्र झाला, त्याला सुरुवातीचे काही महिने मी फक्त डोळ्यांवरून ओळखत होतो. करडे डोळे आणि डाव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ. कँटीनमध्ये तो सूपचा वाडगा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा त्या रेघेमुळेच मला कळलं की हा तोच.

तो यंत्रांच्या देखभालीवर होता, मी इंजिनियर. दोघांचं वय चाळिशीच्या जरा अलीकडचं. दोघांचंही जर्मन मोडकं, पण मोडायची जागा वेगवेगळी, त्यामुळे एकमेकांचं बरं कळायचं.

"तू कुठला?" मी विचारलं.

"स्लोव्हाकिया."

"म्हणजे स्लोव्हाक."

"अर्धा. वडील स्लोव्हाक होते. आई रुसिन आहे."

मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. "रुसिन म्हणजे रशियन?"

"हे आईसमोर विचारू नकोस. जेवायला मिळणार नाही."

मग त्यानं सांगितलं. कार्पाथियन डोंगरांत राहणारे हे लोक. त्यांची भाषा आहे, लाकडी देवळं आहेत, गाणी आहेत, पण त्यांच्या नावाचा देश नाही. त्याचं गाव पोलंडच्या सीमेजवळ, डोंगराच्या कुशीत. मोजून वीस-बावीस घरं, त्यांतली निम्मी बंद. वरच्या अंगाला रुसिन, खालच्या अंगाला स्लोव्हाक. रुसिनांचं कॅलेंडर जुनं, स्लोव्हाकांपेक्षा तेरा दिवस मागे. त्यामुळे त्याच्या घरी लहानपणी दोन नाताळ व्हायचे. "आणि मारही दोन्ही सणांना खायचो," तो म्हणाला.

आमची खरी दोस्ती झाली ती फोनमुळे. तेव्हा घरून परदेशात फोन लावणं महाग पडे. स्टेशनजवळ एका तुर्की माणसाचं दुकान होतं, तिथं काचेच्या खोक्यांत फोन ठेवलेले असत. रविवारी दुपारी आम्ही दोघं तिथं जायचो आणि शेजारशेजारच्या खोक्यांत उभे राहायचो. मी नागपूरला आईला फोन लावायचो, तो डोंगरात त्याच्या आईला. मधल्या काचेतून मला त्याचं तोंड हलताना दिसे. भाषा ऐकू येत नसे, पण काय चाललंय ते कळत असे. हो, जेवलो. हो, थंडी आहे. नाही, सुट्टी नाही. बघू. माझ्या कानात आई विचारत असे, "जेवला का रे बाबू?" आणि मी म्हणत असे, हो, जेवलो. बाहेर आल्यावर आम्ही एकमेकांकडे न बघता सिगारेट पेटवायचो. ती सिगारेट आठवली की मला अजूनही ती वर्षं जवळची वाटतात. आता फोन खिशात असतो, आईचा चेहराही दिसतो, पण बाहेर पडून कुणाशेजारी गप्प उभं राहणं संपलं.

त्याचे वडील वारले होते. माझेही. दोघांच्याही आया एकट्या राहत होत्या. मित्राला ते सहन होत नसे. तो दर वर्षी आईला म्हणे, माझ्याकडे चल, निदान हिवाळ्यापुरती. ती हिवाळ्यात म्हणे उन्हाळ्यात येते, आणि उन्हाळ्यात म्हणे हिवाळ्यात बघू.

माझं वेगळं होतं. जर्मनीत बाहेरच्या माणसाला आईवडिलांना कायमचं आणून ठेवता येत नाही. तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, मग परत. माझी आई एकदा तशी येऊन गेली होती. दिवसभर खिडकीत बसायची. जाताना म्हणाली, "तुमचं घर छान आहे, पण इथं माणसं कुठं राहतात?" तिला पुन्हा आणण्याचा विषय निघाला की मी सगळ्यांना कायद्याचं कारण सांगत असे. ते खरंही होतं. पण तो कायदा मला मनातून सोयीचा वाटत असे, हेही तितकंच खरं. मित्राच्या आड कुठला कायदा नव्हता. तो दर वर्षी विचारत होता आणि दर वर्षी नकार ऐकत होता. मला त्याच्यासमोर लाज वाटायची.

पुढे शेंगेनच्या सीमा उघडल्या आणि मला स्लोव्हाकियाला जायला वेगळा व्हिसा लागेनासा झाला. त्याच उन्हाळ्यात मित्र म्हणाला, "या वेळी तू चल. आईला सांग की माणूस कुठंही राहू शकतो. तू नागपूरहून येऊन राहिलास ना! तुझं ऐकेल."

त्यानं मोठं घर घेतलं होतं. एक खोली आईसाठी तयार ठेवली होती. पलंग, जाड पांघरूण, कोपऱ्यात देवाची तसबीर. एकच अडचण आईनं फोनवर काढली होती: "तुझ्या त्या काचेच्या शेगडीवर मला स्वयंपाक येणार नाही." म्हणून त्यानं दोन तव्यांची विजेची शेगडी विकत घेतली. गावात नेऊन तिला आठवडाभर सवय लावायची आणि मग गाडीत बसवून आणायची, असा बेत.

माझी बायको म्हणाली, "तू कशाला मध्ये पडतोस? आई त्याची आहे."

मी म्हणालो, मी फक्त गाडी चालवायला जातोय. पण मला मनापासून तिनं यावं असं वाटत होतं. ती आली असती तर आया येतात, असं मला दिसलं असतं. मग माझ्या आईचंही कधीतरी होईल, असं वाटलं असतं. दुसऱ्याच्या आईकडून मला स्वतःसाठी दिलासा हवा होता.

प्राग, ब्रनो मागे टाकत आम्ही सबंध दिवस गाडी हाकली. शेवटी डांबरी रस्ता एका बस थांब्याशी संपला आणि पुढे खडी लागली. दोन्ही बाजूंना बीचची गर्द झाडी, मध्ये ओढा, ओढ्याच्या दोन्ही काठांना घरं. लाकडी ओंडक्यांची, काही निळी रंगवलेली. बंद घरांच्या अंगणांत खाजकुयलीसारखं अंगाला आग लावणारं गवत कमरेइतकं वाढलेलं. वर टेकाडावर तीन घुमटांचं लाकडी देऊळ. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता आणि कुठंतरी गवत कापल्याचा वास होता.

मित्राची आई फाटकात उभी होती. बुटकी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गुडघ्यांत किंचित वाकलेली. मुलाला तिनं आधी गालावर चापट मारली, मग मिठी मारली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ती काहीतरी बोलली.

मित्र हसला. "म्हणते, हा फार बारीक आहे. जर्मन लोक याला जेवायला देत नाहीत का?"

तिनं मशरूमचं आंबट सूप वाढलं आणि बटाट्याचं सारण भरलेले उकडीचे कानवले. मी तीनदा घेतले तेव्हा तिचं समाधान झालं. मग ती समोर बसली आणि मुलामार्फत माझी चौकशी सुरू झाली.

"तुझी आई कुठं आहे?"

"नागपूरला."

"कुणाबरोबर?"

"एकटीच. पण शेजारी चांगले आहेत."

"कोण आहेत शेजारी?"

मी सांगायला लागलो आणि थांबलो. मी लहान असताना शेजारी कोण होतं ते मला आठवत होतं. ते घर विकून गेले होते. नवीन कोण आले, त्यांचं आडनाव काय, मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी फोन करत होतो आणि हे एकदाही विचारलं नव्हतं.

"चांगले आहेत," मी पुन्हा म्हणालो. मित्रानं ते भाषांतर करून सांगितलं. म्हातारीनं माझ्या ताटात आणखी एक कानवला टाकला.

दुसऱ्या दिवशी धुराच्या वासानं जाग आली. जुलै महिना, खोलीत उकडत होतं, आणि तिनं स्वयंपाकघरातली बिडाची चूल पेटवली होती. चुलीतून पत्र्याचा नळ निघून भिंतीत शिरत होता आणि पुढे धुराडं. नळाचा सांधा गंजला होता, तिथून धूर गळत होता आणि ती खोकत होती. चहा ठेवण्याआधी ती पडदा सरकवून खिडकीतून बाहेर बघत क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आभाळ बघतेय.

मी बाहेर आलो. ओढ्यापलीकडे अगदी समोर दुसरं घर होतं. अंगणात लाल रबरी बूट घातलेली एक म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी हात हलवला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"तिच्याशी आमचं बोलणं नाही," मित्र मागून म्हणाला.

मग ती हकिकत कळली. त्या गावात एक रीत होती. स्लोव्हाकांचा सण असेल त्या दिवशी रुसिनांनी उघड्यावर काम करायचं नाही. लाकडं फोडायची नाहीत, धुणं वाळत घालायचं नाही, शेण हलवायचं नाही. रुसिनांचा सण आला की स्लोव्हाकांनी तेच पाळायचं. सण आपला नसला तरी मान राखायचा. मित्राचे वडील वारले त्या हिवाळ्यात, स्लोव्हाकांच्या नाताळच्या दिवशी, त्याच्या आईनं अंगणात चादरी वाळत घातल्या. समोरची म्हातारी स्लोव्हाक. मित्राच्या वडिलांच्या बरोबरीची, त्यांच्याच देवळात प्रार्थनेला जाणारी. तिनं त्या चादरी पाहिल्या. तेरा दिवसांनी रुसिनांच्या नाताळला तिनं अंगणात गालिचा टांगला आणि सकाळभर काठीनं झोडला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"तुझ्या आईनं असं का केलं?"

"विचारलं नाही. वडील गेल्यावर आमच्या घरात बरंच काही विचारायचं राहिलं."

दिवसभर आम्ही उतारावरचं गवत कापलं. म्हणजे मित्रानं कापलं आणि मी दाताळ्यानं गोळा केलं. दुपारी झाडाखाली आई भाकरी आणि मेंढीचं चीज घेऊन आली, तेव्हा त्यानं विषय काढला. खोलीचं वर्णन केलं. खिडकीतून एल्ब नदी दिसते म्हणाला. माझ्याकडे खूण केली. मीही आपलं म्हणणं मांडलं: सुरुवातीला अवघड जातं, मग माणूस रुळतो. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाली.

"बघू म्हणजे नाही," मित्र मला जर्मनमध्ये म्हणाला.

"आमच्याकडेही," मी म्हणालो.

संध्याकाळी विजेची शेगडी बसवली. तिनं त्यावर दूध तापवून दाखवलं, उतू जाऊ न देता. मित्राला हुरूप आला. आणि मला तो नळ दिसत होता. गंजलेला सांधा, काजळी, तिचा खोकला. दिवसाचे आठ तास हवा स्वच्छ राखण्यात घालवणारे आम्ही दोघं, आणि इथं ती रोज सकाळी धूर गिळत होती. मी म्हणालो, "हा काढू या. अंगणात नेऊन घासू, उद्या शहरातून नवीन सांधा आणू. शेगडी आहेच. अशीच तिची सवयही होईल."

"गेनाऊ!" मित्र म्हणाला. अगदी बरोबर. त्यानं लगेच पाना आणला.

ती आमच्यामध्ये आली. "आत्ता नको. सकाळी चूल पेटवावी लागते."

"मामो," मित्र आईला म्हणाला, "सकाळी चहा शेगडीवर होईल."

"चहाचं नाही. चूल पेटवावी लागते."

"का?"

ती एप्रनला हात पुसत राहिली. आम्ही ते म्हातारपणाचं खूळ समजलो आणि नळ काढून अंगणात आडवा ठेवला. चुलीच्या मागे भिंतीत एक काळं भोक राहिलं. मी त्यात चिंध्यांचा बोळा कोंबला, काजळी पडू नये म्हणून.

सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. रुमाल बांधलेला, हात मांडीवर. शेगडी बंद. पडदा उघडा. ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण रागावलेलीही वाटली नाही. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी बसली होती. मी चहाची खूण केली, तिनं हातानंच थांबवलं आणि खिडकीकडे बघत राहिली. मित्र जांभया देत आला आणि तोही बसला.

तेवढ्यात फाटक आपटलं. अंगणात धावणाऱ्या बुटांचा फदफद आवाज आला आणि दारावर काहीतरी जोरात आदळलं. मित्रानं उठून दार उघडलं. समोरची म्हातारी उभी होती. अंगात झोपायचा झगा, पायात ते लाल बूट, गुडघ्यापर्यंत ओढ्याच्या पाण्यानं भिजलेली, कारण पुलापर्यंत जायला तिला धीर निघाला नव्हता. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात मेणबत्ती. ती मेणबत्ती कसली ते मला नंतर कळलं. देवळातून मंतरून आणलेली, मरणाऱ्या माणसाच्या हातात पेटवून द्यायची.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मित्राची आई बोलली. पुढचं सगळं मित्रानं मला थोडं तिथं आणि थोडं परतीच्या गाडीत सांगितलं. एक रुसिनमध्ये बोलत होती, दुसरी स्लोव्हाकमध्ये, आणि एकीलाही दुसरीचा शब्द अडत नव्हता.

"कुऱ्हाड कशाला आणलीस? मला तोडायला?"

"दार तोडायला! धूर नाही! सूर्य वर आला, तुझा धूर नाही!"

"पोरांनी नळ काढला."

"कुठल्या पोरांनी?" तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. चाळिशीची दोन पोरं खाली बघत उभी होती. "यांनी? भर सकाळी माणसाचा नळ काढतात? आणि तू सांगायला येऊ शकली नाहीस?"

"आपलं बोलणं कुठं आहे?"

"बोलणं नसेल म्हणून काय मरू द्यायचं?"

तिथं मला त्या गावातली दुसरी रीत कळली. सकाळी उठलं की आधी आपली चूल पेटवायची आणि मग समोरच्या घराचं धुराडं बघायचं. धूर असेल तर ठीक. नसेल तर जायचं. उन्हाळा असो, ताप असो, चूल पेटवायचीच, कारण समोर कुणीतरी बघत असतं. भांडण झाल्यापासूनही दोघींनी हे एक दिवस चुकवलं नव्हतं. मित्राची आई सकाळी खिडकीत उभी राहायची ते आभाळासाठी नव्हे. आणि आम्ही दोन शहाण्यांनी तिच्या जिवंतपणाची खूण काढून अंगणात ठेवली होती.

आता समोरची म्हातारी खुर्चीत बसली आणि रडायला लागली. रडता रडता भांडायला लागली.

"मला वाटलं गेलीस. माझ्यावर चिडूनच गेलीस. त्या चादरींचं मी मनात ठेवलं, देवानं मला ही सकाळ दाखवली."

"चादरींचं काय?"

"तो जमिनीत जाऊन महिना झाला नव्हता! त्याच्या नाताळला तू त्याच्याच चादरी वाळत घातल्यास!"

मित्राची आई हळू म्हणाली, "मला दिवसच कळत नव्हते. तो गेल्यापासून कुठला वार, कुठला सण, काहीच कळत नव्हतं. मी त्याचा पलंग आवरला, एवढंच. तुझा गालिचा ऐकला तेव्हा कळलं."

मित्र चुलीपाशी गेला आणि भिंतीतल्या भोकाकडे तोंड करून उभा राहिला. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, सुसेदा?"

"तू काठी खाली ठेवली असतीस तर सांगितलं असतं, सुसीदा."

दोघींचाही तो शब्द शेजारणीसाठी होता, आपापल्या भाषेतला. मी शेगडीवर चहा केला. त्या शेगडीवर झालेला तो पहिला आणि शेवटचा चहा. समोरचीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याला चव नाही."

मग तिची नजर कोपऱ्यातल्या बॅगेवर गेली. मुलानं आईसाठी आणलेली नवी, मोठी बॅग. तिला लगेच कळलं.

"घेऊन जातोयस हिला?"

"हिवाळ्यापुरतं," मित्र म्हणाला.

"जा ना," ती त्याच्या आईला म्हणाली. "मुलगा बोलावतोय, जा. गरम खोली, गरम पाणी. मला काय? माझ्या कोंबड्या आहेत."

"कोंबड्या तुझं धुराडं बघणार?"

"तू नको बघूस! मी मेले तर मेले!"

"आणि मग मी तिकडं ऐकायचं, वसंतात बर्फ वितळल्यावर सापडलीस म्हणून?" मित्राची आई उठली. मुलाकडे वळली आणि तिनं पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "मी येणार नाही. हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात नाही. दोघींना नेणार असशील तर बोल."

"हिच्याबरोबर एका घरात?" समोरची किंचाळली. "आधी तो चहा पिऊन मरेन!"

मित्र हसला. मग ते हसणं थांबेना आणि मग ते हसणं राहिलं नाही. आईनं त्याचं डोकं आपल्या एप्रनमध्ये धरलं. मी बाहेर गेलो. अंगणात तो नळ दवानं ओला झाला होता. मी वाळू घेऊन तो घासायला लागलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नवीन सांधा आणायला शहरात जायला वेळ नव्हता. फुटक्या सांध्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून तारेनं आवळली. ऊन डोक्यावर येण्याआधी चूल पेटली. समोरची तोवर पुलावरून घरी गेली होती. धूर वर चढला तेव्हा तिनं अंगणातून मान वर करून पाहिलं आणि आत गेली.

आठवडा संपल्यावर आम्ही परत निघालो. बॅग रिकामीच डिकीत टाकली. त्याच्या आईनं पुढच्या सीटवर, जिथं तिला बसवायचं होतं, बटाट्यांचं पोतं ठेवलं आणि त्याला पट्टाही लावला. मित्र मागे बसला. ब्रनो आलं तेव्हा तो म्हणाला, "मला वाटायचं ती एकटी आहे."

मला त्याला सांगायचं होतं की मी आलो ते तुझ्यासाठी नव्हे. तुझी आई आली असती तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं, म्हणून मी नळ काढायची घाई केली. मी गाडी चालवत राहिलो. आज ते लिहितोय.

त्या रविवारी आईला फोन लावला. "शेजारी कोण राहतं गं?" मी विचारलं.

"आता विचारतोस!" ती म्हणाली. मग अर्धा तास तीच बोलत होती. शेजारी एक शिक्षिका होती, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. तिचं लहान मूल दुपारी माझ्या आईकडे झोपायचं. आईचा रक्तदाब वाढला तेव्हा तीच रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेली होती. मला कळवायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं. डिसेंबरात मी नागपूरला गेलो तेव्हा त्या बाईंच्या घरी जाऊन बसलो. त्यांचे आभार मानायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "अहो, मावशींचाच आम्हाला आधार आहे." मी पोहे खाऊन आलो. माझं ओझं उतरलं नाही. पण निदान ते कुणाच्या खांद्यावर आहे ते मी पाहिलं.

मित्रानं त्यानंतर आईला ड्रेस्डेनला यायला सांगितलं नाही. ती खोली त्यानं तशीच ठेवली. पुढच्या शरदात त्यानं दहा दिवसांची सुट्टी घेतली आणि मला विचारलं, लाकडं फोडायला येतोस का? मी लगेच हो म्हणालो.

बीचची झाडं तेव्हा तांबूस झाली होती आणि सगळं गाव प्लमच्या वासानं भरलेलं होतं. गावात शिरल्या शिरल्या मी विचारलं, दोघींचं आता बोलणं आहे ना? मित्र म्हणाला, त्या सकाळनंतर जेमतेम आठवडाभर होतं. मग कोंबड्या ओढा ओलांडून वाफ्यात शिरल्या आणि पुन्हा बंद पडलं.

आम्ही दोन्ही घरांची लाकडं फोडली. आधी त्याच्या आईची, मग समोरची. शेवटच्या दिवशी मित्र शिडी लावून समोरच्या छपरावर चढला, धुराडं झाडायला. मी खाली शिडी धरून उभा होतो. समोरची म्हातारी कमरेवर हात ठेवून वर बघत होती. झाडून झाल्यावर तिनं आत जाऊन चूल पेटवली, धूर नीट वर ओढला जातो का ते बघायला. जाड पांढरा धूर निघाला.

ओढ्यापलीकडून मित्राची आई फाटकाशी आली. हात तोंडाशी नेऊन तिनं मुलाला हाक मारली.

"तिला सांग, वरची लाकडं ओली आहेत! खालच्या थरातली घे म्हणावं!"

मित्र छपरावर बसून दोघींकडे बघत होता. त्यानं सांगायला तोंड उघडलं, पण समोरचीनं दारातून डोकं बाहेर काढलं होतं.

"तिला सांग," ती त्याच्याकडे बघत ओरडली, "मला दिसतंय म्हणावं!"